सगळ्यांत जास्त तपासलेले कान

९ जुलै

ताई,

नमस्कार, तू कशी आहेस, मी मजेत, हे सगळं वर लिहिलेलं आहे असं समज. माझं पत्र बघून तू चक्रावली असशील. मावशीचा फोन येऊन गेला, तुझाही येऊन गेला, आणि दोन्ही वेळा मी तो नुसता वाजू दिला. समोर मावसबहीण असली तरी फोनवर पहिलं वाक्य कुणी बोलायचं हे मला अजून कळलेलं नाही. मी हॅलो म्हणते, समोरूनही हॅलो येतं, मग दोघी एकदम बोलतो, मग दोघी एकदम थांबतो, आणि तेवढ्यात मला घाम फुटलेला असतो. पत्रात एका वेळी एकीनेच बोलायचं असतं. मला हे जमण्यासारखं आहे.

कान तपासण्याचा कोर्स सुरू होऊन महिना झाला. श्रवणचाचणीची यंत्रं दुरुस्त करण्यात तुझा दिवस जातो, त्यामुळे चाचणी कशी होते ते तुला सांगायला नको. पण यंत्राभोवती माणसं असली की काय होतं ते तुला माहीत नसेल. आमच्याकडे दोन खोल्या आहेत, मधे दुहेरी काच. आतल्या आवाजबंद खोलीत, म्हणजे बूथमध्ये, पेशंट हेडफोन लावून बसतो. बाहेर यंत्रापाशी तपासणारी बसते आणि बारीक होत जाणारे सूर पाठवते. सूर ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. संपलं. पेशंटला एक अक्षरही बोलावं लागत नाही. तपासणारीला मात्र सगळंच बोलावं लागतं. या, बसा, हे असं धरा, घाबरू नका. 'घाबरू नका' हे मी दुसऱ्याला सांगायचं, यावर घरी सगळे किती हसतील ते मला इथूनही ऐकू येतं.

सरावाच्या तासाला आम्ही एकमेकींना तपासतो. 'मी बसते आत' असं मी पहिल्या दिवशी म्हणाले आणि तेव्हापासून आतच आहे. वर्गाला मी फार मनमिळाऊ वाटते. संस्थेत सगळ्यांत जास्त तपासलेले कान माझे आहेत आणि ते उत्तम आहेत, असा लेखी पुरावा आहे. माझ्या बाकीच्या कुठल्याही भागाबद्दल असं कुणी लिहून देणार नाही.

पहिल्या दिवशी ओळख करून द्यायची होती. मी तीन वाक्यं पाठ करून गेले होते. माझ्या आधीच्या मुलीने सांगितलं की तिला पोहायला आवडतं. माझी पाळी आली, पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं, आणि मी उठून म्हणाले, मलाही पोहायला आवडतं. मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. ती मुलगी वसतिगृहात माझ्याच खोलीत निघाली. ती अखंड बोलते म्हणून वर्गाने तिला रेडिओ नाव ठेवलं आहे. दर रविवारी ती मला तलावावर चल म्हणते. दर रविवारी मला सर्दी होते.

आता कामाचं. इथेच यंत्रदुरुस्तीची शाखा आहे, तू शिकलीस तीच. शाखा बदलण्याचा अर्ज सप्टेंबरच्या शेवटच्या तारखेपर्यंत देता येतो. त्यावर आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमची आणि बाबांची सही लागते. बाबांना तू सांगशील? तुला माणसांची गरज पडत नाही, तू मुळातच तशी आहेस. मलाही तसंच व्हायचं आहे.

घुमी

ता. क. घरचं नाव इथे कुणाला माहीत नाही. ते न सांगताच सगळ्यांना कळलं आहे.


१७ जुलै

घुमे,

पत्र मिळालं. बाबांना मी काहीही सांगणार नाही. का, ते विचारू नकोस.

दर वेळी पेशंट होणं सोयीचं आहे, पण त्याने तुझं काम होणार नाही. पेशंटशी बोलणं हीसुद्धा एक कृती आहे. कृतीला पायऱ्या असतात आणि पायऱ्यांचा सराव करता येतो. लागणारी वाक्यं लिहून काढ. जेवणाच्या सुट्टीत बूथ रिकामा असेल. आत जा, दार लाव, खुर्चीत बस आणि वाक्यं मोठ्याने म्हण. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. तिथून बाहेर काही जात नाही, दार किती जाड आहे ते तू पाहिलंच आहेस. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आमच्या बूथमध्ये असंच करायचे. उपयोग झाला.

पोहण्याबद्दल खरं सांगून टाक. दर रविवारी सर्दी झाली तर कानाला दडे बसतील आणि तुझा तो लेखी पुरावा बिघडेल.

तुझ्या आईला सांगितलं की तू बरी आहेस. आधार एवढाच की अक्षर सरळ रेषेत आहे.

ताई


४ ऑगस्ट

ताई,

तुझा उपाय लागू पडतो आहे. हे मी आनंदाने लिहिते आहे. शब्द नेहमीपेक्षा जास्त चिकटलेले दिसतील, ते त्यामुळे.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन बूथमध्ये जाते. आधी इथल्या जिन्याखाली जेवायचे, त्यामानाने ही बढती आहे. आत इतकं शांत असतं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. पहिल्या दिवशी मी स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. मग 'या, बसा' जमलं. मग 'हेडफोन घट्ट वाटतात का?' जमलं. 'घाबरू नका' अजून प्रश्नासारखं येतं, पण मी त्यावर काम करते आहे.

खरी गंमत पुढे आहे. पेशंटची वाक्यं पाठ झाल्यावर मी वर्गाशीही बोलायला लागले. 'मी येऊ का तुमच्याबरोबर कँटीनला?' या एका वाक्याच्या मी वेगवेगळ्या चाली बसवल्या आहेत. सहज. फार सहज, म्हणजे बॅगेत काहीतरी शोधताना. एक चाल अशी निघाली की जणू मी तिकीट तपासायला आले आहे, ती रद्द केली. उत्तरंही मीच देते. मी रेडिओ होते आणि म्हणते, 'अगंऽ, ये ना, बस की!' तिचा तो सूर मला हुबेहूब जमतो, शेवटचा 'की' वर न्यायचा असतो. मग मॅडम होऊन एकदा खाकरते आणि म्हणते, 'अरे वा, आज बाहेर?' काल तर मी रेडिओला पोहण्याचं खरंही सांगून टाकलं, आणि तिच्या वतीने स्वतःला माफही केलं. फार मोठ्या मनाची निघाली.

आणखी आठवडाभर तालीम करते आणि मग बाहेर प्रयोग लावते.

घुमी


२१ ऑगस्ट

ताई,

शाखाबदलाचा अर्ज लिहिला आहे. बाबांना मीच कळवलं. त्यांनी सही करून पाठवली, कारण विचारलं नाही. आमच्या घरात मी कुणावर गेले आहे हे यावरून स्पष्ट व्हावं.

बूथमध्ये आता जात नाही. काही विचारू नकोस.

घुमी


२७ ऑगस्ट

घुमे,

विचारते आहे. काय झालं?

ताई


६ सप्टेंबर

घुमे,

तुझं उत्तर आलं नाही. काल कामावर मी एका बूथच्या तारा तपासत होते, आणि खुर्चीशेजारचा माइक हातात घेतल्यावर काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं.

पेशंट आतून काही बोलला तर तपासणारीला ऐकू यावं म्हणून बूथमध्ये माइक असतो. बाहेरचं यंत्र चालू असेल तर तो चालू असतो. दार कितीही जाड असलं तरी तारेला दार लागत नाही. आमच्याकडचा बूथ चाचणीसाठी वापरत नाहीत, त्यामुळे तिथला माइक काढून ठेवलेला असायचा. तुमच्याकडे तो जोडलेला असणार, हे मला कळायला हवं होतं. रोज हेच माइक दुरुस्त करून मी पगार घेते. ही चूक माझी आहे. तुझी नाही.

आणखी एक. 'उपयोग झाला' असं मी लिहिलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं. दुपारच्या चहाला बाकीच्यांबरोबर जायचं वाक्य मी वर्षभर बूथमध्ये म्हटलं. उत्तम म्हणायचे. बाहेर ते एकदाही म्हटलं नाही. आधी ते मला विचारायचे, मग विचारेनासे झाले. मी मुळातच तशी आहे असं तुला वाटतं ना, ते हे असं तयार झालं आहे.

सध्या साहेबांनी मला सांगितलं आहे की नवीन यंत्र निरनिराळ्या दवाखान्यांतून येणाऱ्या लोकांना समजावून सांगायचं. मी म्हणाले, घसा बसला आहे. घसा महिनाभर बसून राहत नाही हे त्यांच्याही लक्षात येईलच.

काय झालं ते लिही. लिहावंसं वाटत नसेल तर कोरा कागद पाठव, म्हणजे पत्ता तरी तुझ्या अक्षरात येईल.

ताई


१५ सप्टेंबर

ताई,

कोरा कागद पाठवणार होते, पण मग तू त्याचीही चाचणी घेतली असतीस.

तू ओळखलंस ते बरोबर आहे. त्या दिवशी कँटीन बंद होतं. मॅडमनी दुपारच्या पेशंटसाठी यंत्र आधीच चालू करून ठेवलं होतं आणि आवाज स्पीकरवर होता. सगळा वर्ग डबे घेऊन यंत्राच्या खोलीत जेवायला बसला. मी आत काचेकडे पाठ करून होते, कारण समोर काच असली की मला माझेच हातवारे दिसतात आणि चाल बिघडते. तर मंडळींनी जेवता जेवता पूर्ण प्रयोग ऐकला. कँटीनच्या सगळ्या चाली, तिकीट तपासनीस धरून. मॅडमचं खाकरणं, मॅडमच्या समोर. आणि मला पोहता येत नाही, पाणी नाकात गेलं की मला आई आठवते, हेही.

मी दार उघडलं तेव्हा एकीचा घास तोंडाशी थांबला होता. कुणीही हसलं नाही. हसल्या असत्या तर मला रागावता तरी आलं असतं. मग रेडिओ म्हणाली, 'अगंऽ, ये ना, बस की!' शेवटचा 'की' वर नेऊन.

ती माझी नक्कल करते आहे असं मला वाटलं. मी थेट खोलीवर गेले आणि अर्ज लिहिला. नंतर कितीतरी दिवस मी भिंतीकडे तोंड करून झोपत होते आणि ती शेजारच्या खाटेवरून भिंतीशीच गप्पा मारत होती. मग कधीतरी वसतिगृहाच्या जिन्यात ती दुसऱ्या कुणाला तरी तशीच हाक मारताना ऐकली. शब्द तेच, सूर तोच. तिने नक्कल केलीच नव्हती. ती तशीच बोलते, आणि नक्कल मी फार चांगली केली होती. म्हणजे मला माझ्याच कसबाचा राग आला होता. तेव्हापासून तिने तलावाचं नाव काढलेलं नाही. सर्दीपासून मात्र मी मोकळी झाले.

अर्ज घेऊन मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी सही केली नाही. त्या म्हणाल्या की तू अजून एकही माणूस तपासलेला नाहीस, तर तुला हे काम नको आहे हे तुला तरी कसं कळलं? बाहेरचा एक पेशंट पहिल्यापासून शेवटपर्यंत तपास, आलेख काढून माझ्या हातात दे, त्याच दिवशी सही करते. हे मला परवडण्यासारखं वाटलं. एक माणूस तपासायचा आणि मग आयुष्यभर फक्त यंत्रं.

माझ्या वाट्याला आठवीतली एक मुलगी आली. आई घेऊन आली होती. मुलगी शाळेत हाक मारली तरी ओ देत नाही, प्रश्न विचारला तर गप्प, बाईंनी कान तपासून आणा म्हणून सांगितलं. हे सगळं आई सांगत होती आणि मुलगी स्वतःच्या बुटांकडे बघत होती. मग मॅडम आईला घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या आणि आम्ही दोघी उरलो. मी 'या, बसा' म्हणाले. आठवीतल्या मुलीला. त्यानंतर पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही. हेडफोन उलटे लावले, लाल बाजू उजव्या कानाला हे पहिल्याच तासाला शिकवतात. तिने ते न बोलता काढले, अक्षरं बघून नीट लावले. 'घाबरू नका' म्हणायची हिंमत मला झाली नाही.

सूर पाठवायला लागले. ती फार मोठ्या सुरांनाच बटण दाबत होती. बारीक सुरांना काही नाही. दोन्ही कानांचा आलेख खाली गेला, अगदी सरळ. एवढं कमी ऐकू येणाऱ्या मुलीला दोन्ही कानांत यंत्र लागतं. आणि खरं सांगते, मला तिचं वाईट वाटलं नाही. आलेख सुबक आला याचाच मला आनंद झाला. मी आवाजाची चकती सगळ्यांत खाली आणली, पेन उचललं आणि पुटपुटले, 'सुटले बाई एकदाची.'

काचेपलीकडे ती हसली.

तपासणारीला हेडफोनमध्ये बोलता यावं म्हणून यंत्रावर एक बटण असतं, माझं कोपर त्या बोलायच्या बटणावर होतं. माझा आवाज तिच्या कानात गेला होता, आणि तोही इतका बारीक की माझ्या आलेखाप्रमाणे तिला तो कधीच ऐकू यायला नको. माझं आणि माइकचं काय वैर आहे कोण जाणे. तिच्याही लक्षात आलं. हसू गेलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर कशी असते ते मला कुणी सांगायला नको. मी ती घरून येताना सामानात घेऊन आले आहे.

मॅडम पेशंटला पुन्हा तपासतातच, पण दुसऱ्या दिवशी. तोवर माझ्या अर्जावर सही झाली असती आणि मी सुटले असते. तिचं काय ते त्यांनी बघितलं असतं. हा हिशेब मी केला, ताई. पेन हातात धरून केला.

मग मी बोलायचं बटण मुद्दाम दाबलं. चकती तिथेच ठेवली, सगळ्यांत खाली.

'वर्गात नाव घेतलं की मलाही ऐकू येत नाही,' मी म्हणाले.

तिने हातातलं बटण मांडीवर ठेवलं. मग तिच्या माइकमधून आवाज आला. 'मग तुम्ही काय करता?'

यावर माझ्याकडे काहीही पाठ नव्हतं. मी म्हणाले, 'तू बसली आहेस ना, तिथेच येऊन बसते.'

आलेख घेऊन मी मॅडमकडे गेले आणि म्हणाले की हा बरोबर नाही, पुन्हा काढावा लागेल. कशावरून, त्यांनी विचारलं. मला कोपराची सगळी गोष्ट सांगावी लागली, मुलीच्या आईसमोर. आईला काही कळलं नाही. मॅडम मात्र खाकरल्या, आणि या वेळी ते हसू लपवण्यासाठी होतं. त्यांनी पंचवीस तारखेला दोघींना पुन्हा बोलावलं आहे आणि चाचणी मीच घ्यायची आहे. अर्जावर सही केली. मी म्हटलं, चाचणी पूर्ण झाली नाही. त्या म्हणाल्या, चुकीचा आलेख परत घेऊन येणाऱ्या मुली मला फारशा मिळत नाहीत, घेऊन जा.

तर आता दोन्ही सह्या आहेत. फक्त ऑफिसात नेऊन द्यायचा. तुला दुपारच्या चहाला सोबत मिळेल, खूश आहेस का?

घुमी


२२ सप्टेंबर

घुमे,

घसा बरा झाला आहे. मंगळवारी मी नवीन यंत्र समजावून सांगितलं.

सुरुवातीला लोकांकडे पाठ करून यंत्राशीच बोलत होते. मागून एक जण म्हणाला, ऐकू येत नाही. दिवसभर दुसऱ्यांना 'ऐकू येतं का' विचारणारी ती माणसं, त्यांना तसं म्हणायचा हक्क होता. मी वळले. पुढचं मला नीट आठवत नाही. कुणी उठून गेलं नाही, एवढं बघितलं. शेवटी एका बाईंनी विचारलेल्या शंकेचं मी चुकीचं उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून बरोबर उत्तर सांगितलं. पहिलं हॅलो कुणी म्हटलं ते लक्षात नाही.

तू विचारलंस, खूश आहेस का. बाबांना मी का सांगितलं नाही ते आता लिहिते. तू या शाखेत यावीस असं मला फार वाटत होतं. कामावर शेजारच्या टेबलाशी कुणीतरी असावं, आणि ती तू असावीस. एवढं वाटत होतं म्हणूनच मी तुझ्या बाजूने बोलायला नको होतं.

काय करायचं ते तू ठरव. मी कुठल्याही बाजूला वजन टाकणार नाही. हे पत्र लिहून थोडं टाकलंच आहे, ते वजा कर.

ताई


१ ऑक्टोबर

ताई,

वजा केलं. तरी थोडं उरलं, ते मी ठेवून घेतलं आहे.

पंचवीस तारखेला त्या दोघी आल्या. आदल्या दिवशी मी रेडिओला म्हटलं, माझ्याबरोबर थांबशील का. साधं म्हटलं, कुठलीच चाल न लावता, आणि ते माझ्या सगळ्या चालींपेक्षा वाईट निघालं. मधेच आवाज फाटला. ती हो म्हणाली आणि चाचणीभर शेजारी बसून गप्प राहिली. यासाठी तिला किती कष्ट पडले ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मुलीने या वेळी सगळ्यांत बारीक सुरांनाही बटण दाबलं. एकदा तर मी सूर पाठवलाच नव्हता, तेव्हाही दाबलं. ते मी आलेखात धरलं नाही. तिचे कान चांगले आहेत. माझ्याइतके नाहीत, पण माझे फारच तपासलेले आहेत.

मग तिची आई बाहेर सगळ्यांसमोर उभी राहून विचारू लागली, कान ठीक आहेत तर ही बोलत का नाही? वर्ग गोळा झालेला. मॅडम बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या माझ्याकडे बघत होत्या. माझे कान तापले, पाय कुठे ठेवायचे ते कळेना, हात मी खिशात घातले आणि मला खिसे नव्हते.

मी म्हणाले, 'ऐकू येतं तिला. जरा जास्तच येतं. मागच्या बाकावर कोण कुजबुजलं, कोण हसलं, सगळं येतं. त्यात तिला स्वतःचं बोलणं घुसवायला जागा मिळत नाही. तिच्यावर ओरडू नका. थोडं थांबत जा, मग बोलेल.'

आई मुलीकडे बघत राहिली. मुलीने माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी तिचं कपाट सगळ्यांसमोर उघडलं आहे. बरोबरच आहे, मीही तसंच पाहिलं असतं. निघताना आईने विचारलं की पुन्हा यावं लागेल का. मॅडम म्हणाल्या, कानांसाठी नाही. मग मुलगी, आईच्या मागे उभी राहून, म्हणाली, 'पण आलं तर चालेल?' बुटांकडे बघतच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मी मंगळवार सांगितला. मॅडमना न विचारता सांगितला, मग त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे.

परवा माझा दुसरा पेशंट आहे. एक निवृत्त शिक्षक, आवाज फार मोठा आहे म्हणे. रात्रीपासूनच मी हेडफोनची लाल बाजू कुठल्या कानाला ते घोकते आहे. रेडिओ म्हणते, होतं असं. तिला कुठून माहीत कोण जाणे.

शाखाबदलाची मुदत काल संपली. अर्ज दोन्ही सह्यांसकट बॅगेत आहे. बाबा काही विचारणार नाहीत. आईने तुला विचारलं तर सांग, मुलगी विसराळू आहे, तारीख हुकली. तू मात्र तसं समजू नकोस.

घुमी